होलपासून मागं मागं: पावसाळ्यात घरच्या घरी गोल्फची सुरुवात, आणि सोबतीला जुलैतली ओपन

गोल्फ शिकायला निघालेला माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा ड्रायव्हरपासून सुरुवात करतो. दुकानात सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत मोठ्या डोक्याचा क्लब तोच असतो, भिंतीवरच्या फोटोतला खेळाडूही तोच फिरवत असतो. मीही तसंच केलं. चार महिने रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागेवर, बॉलच्या बकेटमागून बकेट रिकामी केली आणि पहिल्यांदा मैदानावर उतरलो, तेव्हा एका होलवर ग्रीनपर्यंत, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापर्यंत, पाच फटके आणि ग्रीनवर आणखी पाच असा हिशेब झाला. त्या दिवशी सोबत असलेल्या वयस्कर कॅडीकाकांनी (कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग सांभाळणारा) फेरी संपल्यावर मला सरावाच्या ग्रीनवर नेलं, बॉल होलपासून हातभर अंतरावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, इथून शिका. होलपासून मागं मागं जायचं."

हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे. आणि त्यासाठी वेळही मुद्दाम पावसाळ्याची निवडली आहे. जून ते सप्टेंबर आपली मैदानं चिखलानं जड झालेली असतात, बॉल पडेल तिथे रुततो. नवख्या माणसानं त्या दिवसांत मैदानाची फी भरण्यापेक्षा घरी जमिनीवरचा खेळ शिकावा. नेमकं त्याच वेळी, जुलैच्या मध्यात, जमिनीवरचा खेळ ज्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त बघायला मिळतो ती ब्रिटनची ओपन चॅम्पियनशिप येते.

पहिली पायरी: फक्त पटर घ्या

सुरुवातीला एकच क्लब विकत घ्या, तो म्हणजे पटर, ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवायचा. वापरलेला चालेल. उंचीप्रमाणे ३३ ते ३५ इंच लांबीचा बघा. नेहमीसारखं वाकून उभं राहिल्यावर डोळे साधारण बॉलच्या बरोबर वर किंवा किंचित आतल्या बाजूला आले पाहिजेत. हात ताठ करावे लागत असतील तर पटर आखूड आहे, कोपरं बाहेर पडत असतील तर लांब आहे. पातळ पात्यासारखा घ्यायचा की मागं रुंद डोकं असलेला मॅलेट, असं मला कुणी विचारलं तर नवख्यासाठी मी मॅलेटच सांगतो. त्यावरची लांब रेघ नेम धरायला मदत करते.

आता घरातली जागा. टाइल्सवर बॉल फार पळतो, ग्रीनवरच्या वेगाचा अंदाज येत नाही. जाड सतरंजी ताणून अंथरली तर बरं काम होतं. त्याहून चांगली आठ-दहा फुटांची पटिंग मॅट. खरोखर पैसे घालावेत असं पहिलं सरावाचं साधन हेच. घेताना दोन गोष्टी बघा: गुंडाळी उघडल्यावर ती सपाट बसते का, आणि शेवटी चढ आहे का. चढाच्या मॅट मला आवडत नाहीत. बॉल चढावर चढवण्यासाठी हात आपोआप जोरात मारायला शिकतो, आणि खऱ्या ग्रीनवर तोच बॉल होल ओलांडून चार फूट पुढे जातो.

पुढचा हिशेब एकदा नीट समजून घ्या, कारण त्यावर सगळा सराव उभा आहे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, बॉलचा किमान व्यास ४२.६७ मिलिमीटर. सपाट ग्रीनवर सहा फुटांवरून मारलेला बॉल मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-पावणेदोन अंशांपर्यंतच वाकडा गेलेला चालतो. त्यापलीकडे तो कड चाटून निघून जातो. आणि पटरचा फटका कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः बॉलला लागतानाच्या पटरच्या तोंडावर ठरतं, हात कोणत्या वाटेनं आला त्यावर कमी.

म्हणून दोन जाड पुस्तकं घ्या. बॉलपासून ६० सेंटिमीटर पुढे, मध्ये सात सेंटिमीटर फट सोडून, ती दाराच्या चौकटीसारखी ठेवा. बॉल पुस्तकांना न लागता त्या फटीतून गेला, तर तो साधारण सव्वा अंशाच्या आत सरळ निघाला. म्हणजे सहा फुटांवरच्या सरळ फटक्याला जेवढं लागतं त्याहून तुम्ही थोडं जास्तच अचूक आहात. व्यावसायिक खेळाडू हाच सराव ग्रीनमध्ये दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) खोचून करतात. रोज पन्नास फटके मारा आणि किती पार गेले ते वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या दिवशी पन्नासांत एकोणीस आहेत. आकडा चाळिसापुढे जाईपर्यंत फट कमी करू नका.

दिशा झाली की अंतर. भिंतीपासून दहा फुटांवर उभे राहा आणि बॉल भिंतीला न लागता तिच्या वीतभर आधी थांबवा. मग आठ फुटांवरून, मग बारा. बॉल थांबेल तिथेच पुढचा थांबवायचा प्रयत्न करा. ग्रीनवर तीन फटके लागण्याचं कारण बहुतेकदा वेग असतो. पहिला फटका इतका आखूड किंवा इतका लांब जातो की दुसराही अवघड होऊन बसतो.

दुसरी पायरी: साधनं, पण उत्तर देणारी

गोल्फच्या सरावाच्या साधनांचा बाजार प्रचंड आहे. माझी कसोटी सोपी आहे: फटका मारल्याबरोबर चूक की बरोबर हे साधनानं स्वतः सांगितलं पाहिजे, बघायला शेजारी कोच नसतानाही. वरची दोन पुस्तकं ते सांगतात. याच कसोटीवर टिकणारी आणखी काही साधनं आहेत.

अलाइनमेंट स्टिक म्हणजे फायबरच्या दोन बारीक काठ्या. दुकानात काहीशे रुपयांत मिळतात, सरळ वेताच्या काठ्यांवरही भागतं. एक काठी बॉलपलीकडे लक्ष्याच्या रेषेत, दुसरी पायांच्या चवड्यांपुढे तिला समांतर. नवख्याला वाटतं आपण सरळ उभे आहोत, पण खांदे बहुतेक वेळा भलतीकडेच बघत असतात. काठी ठेवून दोन पावलं मागे या आणि बघा. हे एक साधन मी आजही रेंजवर नेल्याशिवाय राहत नाही.

फळ्यावर लिहायचा, पुसता येणारा मार्कर. बॉलच्या मागच्या बाजूला एक ठळक ठिपका काढा आणि ठिपका क्लबच्या तोंडाकडे येईल असा बॉल ठेवून फटका मारा. तोंडावर शाईचा डाग उमटतो. डाग मधोमध आला की टाचेकडे की टोकाकडे, हे लगेच दिसतं. महागड्या चिकटपट्ट्यांची गरज नाही.

पटिंगचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात डोळे आणि खांदे बघायचे असतात. चांगला आहे, पण पहिल्याच महिन्यात घ्यायची घाई नको.

मोबाइल. स्लो मोशनमध्ये दोनच कोनांतून चित्रण करा: एक समोरून, छातीच्या उंचीवर, दुसरं मागून, हातांच्या रेषेत, हातांच्या उंचीवर. दर वेळी फोन त्याच जागी ठेवा. फोनचा कोन बदलला की स्विंग बदलल्यासारखा भासतो आणि माणूस नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.

लवचिक दांड्याचा, टोकाला वजन असलेला सरावाचा क्लबही मिळतो. अंग मोकळं करायला आणि लय सापडायला तो उपयोगी आहे, घाईनं फिरवला की दांडा वाकडातिकडा होऊन चूक दाखवतो. हात-मनगट पट्ट्यांनी बांधून ठेवणारी साधनं मात्र सुरुवातीला टाळा. पट्टा असेपर्यंत हात योग्य जागी राहतो, पट्टा काढला की परत पहिल्यासारखा. बॉलचा वेग आणि फिरकी मोजणारी यंत्रं पहिल्या वर्षी लागत नाहीत.

गच्चीवर जाळी लावायची असेल तर फक्त फोमचे बॉल वापरा. खरा बॉल जाळीच्या कडेवरून निसटला तर खाली चालणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. यात तडजोड नाही.

आणखी एक, पुढे उपयोगी पडेल: हे सगळं सरावापुरतं. प्रत्यक्ष फेरी सुरू झाली की अलाइनमेंट स्टिक ठेवून उभं राहणं किंवा वजनाचा क्लब फिरवणं नियमांत बसत नाही, त्याला दंडाचे फटके आहेत.

तिसरी पायरी: ओपन बघा, वही घेऊन

व्यावसायिक पुरुषांच्या चार मोठ्या स्पर्धा आहेत: एप्रिलमध्ये मास्टर्स, मेमध्ये पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन आणि जुलैमध्ये ओपन. भारतात राहून यातली एकच नीट बघायची असेल तर ओपन. कारण अगदी व्यवहारी आहे. मास्टर्सचा शेवटचा फटका आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास पडतो. ओपन ब्रिटनमध्ये असते आणि जुलैत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. गुरुवारी तिथे सकाळी साडेसहाच्या सुमारास पहिला गट निघतो, तेव्हा आपले सकाळचे अकरा वाजलेले असतात. रविवारी आघाडीची जोडी आपल्या संध्याकाळी सातच्या आसपास सुरू करते आणि रात्री अकराच्या सुमारास निकाल लागतो. जेवणं उरकून घरातल्यांसोबत बघता येईल अशी ही मोठी स्पर्धा.

ही सगळ्यांत जुनीही आहे. १८६० मध्ये स्कॉटलंडच्या प्रेस्टविकला आठ खेळाडूंनी बारा होलच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात खेळल्या आणि विली पार्क जिंकला. आजही ती समुद्रकाठच्या लिंक्स मैदानांवरच होते. रेताड जमीन, पाणी झिरपून जाणारी, वर आखूड टणक गवत, झाडं फार कमी आणि वारा सतत. उंच मारलेला बॉल वारा पळवतो, म्हणून जगातले उत्तम खेळाडू तिथे बॉल खालून नेतात, जमिनीवर टप्पा देतात, घरंगळू देतात. ग्रीनच्या बाहेरूनसुद्धा पटर वापरतात. तुम्ही घरी सतरंजीवर जे करताय त्याचंच मोठं रूप तिथे दिसतं.

बघायचं कसं? स्पर्धेत १५६ खेळाडू असतात. गुरुवार-शुक्रवार दोन फेऱ्या झाल्या की पहिले ७० आणि त्यांच्या बरोबरीत असलेले पुढे जातात, बाकी घरी. याला कट म्हणतात. पहिल्या दोन दिवशी तिघांचे गट, नंतर जोड्या, आणि सगळ्यांत पुढे असलेले सगळ्यांत शेवटी निघतात. बरोबरी झाली तर तीन होलांचा प्लेऑफ. गुणफलकावर उणे आकडा म्हणजे पारपेक्षा (ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) कमी फटके, म्हणजे चांगलं. ई म्हणजे बरोबर पार. थ्रूपुढचा आकडा म्हणजे किती होल झाले. थेट गुणफलक ओपनच्या अधिकृत संकेतस्थळावर असतो. टीव्हीचे हक्क वर्षागणिक बदलतात, म्हणून वाहिनी आठवडाभर आधी शोधून ठेवा.

ओपनची एक खासियत नवख्याला कुणी सांगत नाही. बऱ्याच स्पर्धांत निम्मे खेळाडू पहिल्या आणि निम्मे दहाव्या होलच्या टीवरून, म्हणजे होल सुरू करायच्या जागेवरून, सोडतात. ओपनमध्ये परंपरेनं सगळे पहिल्याच टीवरून निघतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळच्या आणि संध्याकाळच्या गटांत कित्येक तासांचं अंतर पडतं. सकाळी शांत हवा आणि दुपारी वादळी वारा असं झालं, तर एकाच मैदानावर दोन वेगळ्या स्पर्धा खेळल्यासारखं होतं. म्हणून गुरुवारी संध्याकाळी गुणफलक बघताना खेळाडूच्या नावाबरोबर तो कधी निघाला होता तेही बघा. शुक्रवारी या वेळा उलटतात.

मग एकच खेळाडू निवडा आणि वही घ्या. प्रत्येक होलवर तीनच गोष्टी लिहा: ग्रीनकडे येणारा बॉल किती उडाला आणि किती घरंगळला, पटरचा पहिला फटका होलपासून किती अंतरावर थांबला, आणि अडचणीत सापडल्यावर त्यानं पुढे मारलं की बाजूला. तिसरी नोंद फार शिकवते. लिंक्सवरचे बंकर, म्हणजे वाळूचे अडथळे, खड्ड्यासारखे खोल असतात. कित्येकदा खेळाडू होलकडे पाठ करून, चक्क मागे बॉल काढतो. एक फटका गेला हे मान्य करून पुढचा सोपा करतो.

ते मान्य केलं नाही तर काय होतं हे १९९९ मध्ये कार्नूस्टीला दिसलं. फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता, सहा फटक्यांत होल संपवला तरी विजेता ठरला असता. टीवर त्यानं ड्रायव्हर घेतला आणि बॉल भलतीकडे गेला. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडला आपटून मागे रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, आला, तिसरा बॅरी बर्न या ओढ्यात. तो बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, बॉलकडे बघत उभा राहिला, शेवटी दंड घेऊन बाहेर आला. पुढचा बंकरमध्ये. सात लागले, आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. जुनं चित्रण सापडलं तर जरूर बघा. मी ते पाहिल्यावर पहिल्यांदा मला कळलं की बॅगेतला कोणता क्लब काढायचा नाही हाही खेळाचा भाग आहे.

उलट उदाहरण २०२३ चं, हॉयलेकच्या रॉयल लिव्हरपूलचं. अमेरिकेचा ब्रायन हार्मन सहा फटक्यांनी जिंकला. लांब मारणाऱ्यांत त्याची गणना होत नाही. त्यानं बॉल बंकरबाहेर ठेवला आणि जवळचे पटरचे फटके चारही दिवस अचूक घातले. त्याच स्पर्धेत आपला शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा होता. ही नावं गुणफलकावर दिसली की चार दिवस मन गुंतून राहतं. २०२६ ची ओपन साउथपोर्टच्या रॉयल बर्कडेलवर ठरली आहे, २०२७ ची सेंट अँड्र्यूजला.

चौथी पायरी: अर्धा सेट

नियमानं बॅगेत चौदा क्लब ठेवता येतात. तुम्हाला सात पुरतात: पटर, ५४ ते ५६ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा) सँड वेज, पिचिंग वेज, नऊ, आठ आणि सात नंबरचं आयर्न, आणि एक हायब्रिड. ड्रायव्हर नंतर. घ्याल तेव्हा साडेदहा अंश किंवा त्याहून जास्त लॉफ्टचा घ्या, कमी लॉफ्टवर नवख्याचा बॉल हवेत चढतच नाही.

वापरलेला सेट घेताना क्लब कानाशी धरून हलवा, डोक्यात काही खुळखुळलं तर ठेवून द्या. शाफ्टवरून (दांड्यावरून) नजर लावून वाक बघा. ग्रिप (मुठीवरचं आवरण) कडक, चकाकणारी झाली असेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. मुंबई-कोकणाच्या हवेत स्टीलच्या शाफ्टवर ग्रिपच्या कडेखाली गंज धरतो, तिथे नखानं खरवडून बघा. शाफ्टची लवचिकता साधी रेग्युलर पुरे. ज्येष्ठांना आणि हलका क्लब आवडणाऱ्यांना ग्रॅफाइट.

उजव्या हातानं खेळणाऱ्यानं ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा. आपल्या घामाच्या आणि पावसाच्या हवेत पातळ चामड्याचा ग्लोव्ह लवकर कडक होतो, त्याला बुरशीही धरते. सिंथेटिक घ्या आणि खेळून झाल्यावर बॅगेत कोंबू नका, पंख्याखाली सुकवा. बॉल साधे दोन थरांचे, वापरलेलेही चालतात. महागडे बॉल पहिल्या वर्षी तळ्यातच जाणार आहेत.

पाचवी पायरी: रेंजवरची पहिली सकाळ

ओपन संपल्यावर पावसानं उघडीप दिली की रेंजवर जा. सभासदत्व नसतानाही जाता येतील अशा जागा आहेत, नवी मुंबईकरांना खारघरचं सिडकोचं मैदान जवळ पडेल. आधी फोन करून वेळ आणि पोशाख विचारा. कॉलरचा टी-शर्ट जवळपास सगळीकडे लागतो. शक्य असेल तर पहिले तीन-चार तास कोचकडे घालवा, निदान ग्रिपसाठी, म्हणजे क्लब धरायची पकड शिकण्यासाठी. चुकीची ग्रिप एकदा बसली की सुटायला वर्ष जातं.

आपण बहुतेक जण क्रिकेट खेळून आलेलो असतो. फलंदाजाला बॉलला भेटायला पुढे जायची सवय असते. इथे बॉल जागचा हलत नाही, तरी शरीर पुढे सरकतं आणि क्लब बॉलच्या डोक्यावर बसतो. समोरून चित्रण करा, भिंतीवरच्या एखाद्या उभ्या रेघेशी डोकं जुळवा आणि ते लक्ष्याकडे किती सरकतं ते बघा.

पहिल्या दिवशी पूर्ण स्विंग करू नका. आठ नंबरचं आयर्न घ्या, पाय जवळ, बॉल मध्यापासून किंचित मागच्या पायाकडे, वजन डाव्या पायावर, आणि मनगट न मोडता पटरसारखाच फटका. बॉल थोडा उडेल आणि बराच घरंगळेल. ओपनमध्ये पाहिलेला फटका तो हाच. ढोबळ मानानं आठ नंबरनं एक भाग उडतो आणि तीन भाग घरंगळतो, पिचिंग वेजनं त्याहून कमी घरंगळतो, सँड वेजनं आणखी कमी. तुमच्या हाताचं प्रमाण तुम्ही पावलांनी मोजून वहीत लिहा. पावसात जमीन ओली असते तेव्हा बॉल लवकर थांबेल, म्हणून दिवाळीनंतर हेच माप पुन्हा घ्या. फेब्रुवारी ते मे आपली मैदानं इतकी टणक होतात की हा फटका सगळ्यांत जास्त चालतो.

तीस बॉल आठ नंबरनं, वीस पिचिंग वेजनं, आणि उरलेली अर्धी सकाळ सरावाच्या ग्रीनवर. पहिला बॉल होलपासून हातभर अंतरावर ठेवा. दहा सलग गेले की एक पाऊल मागे.